दुर्बिणीने पोटाचे ऑपरेशन : भोक लहान, काम तेवढेच



"दुर्बिणीनं करणार म्हणजे दुसऱ्या दिवशी मोटारसायकलवर घरी ना?" पोटाचे ऑपरेशन सांगितले की दहांतील आठ जण हाच प्रश्न विचारतात. प्रश्न चुकीचा नाही, पण तो अर्धाच आहे. दुर्बिणीच्या ऑपरेशनाविषयी आपल्याकडे दोन टोकांचे समज आहेत. कोणी म्हणतो, "ते काय, नुसतं भोक पाडून करतात, ऑपरेशनच नव्हे." दुसरा म्हणतो, "भोकातून डॉक्टरला काय दिसणार? त्यापेक्षा पोट उघडून नीट बघितलेलं बरं." दोन्ही समजांपायी माणसे अडचणीत येतात. म्हणून या अंकात या विषयाची थोडी तपशीलवार माहिती देत आहोत.

एका सभासदाची हकीगत

प्रथम एक घडलेली गोष्ट. नाव सांगण्याची जरुरी नाही. पन्नाशीचे सभासद, पाच एकर ऊस. लग्नकार्यात तेलातुपाचे जेवण झाले की रात्री उजव्या बरगडीखाली कळ यायची, पाठीत जायची, उलटी झाली की उतरायची. 'पित्त वाढलंय' म्हणून दोन वर्षे गोळ्या चालू. सोनोग्राफीत पित्ताशयात खडे निघाले. सर्जनने ऑपरेशन सांगितले. पण तेव्हा उसाला तोड आली होती. तोड झाली, मग खोडव्याची कामे निघाली, मग मुलीचे लग्न. मध्यंतरी कोणी सांगितले म्हणून पानफुटीचा रस आणि कुळथाचे कढण झाले. असे करता करता दुसरा हंगाम आला आणि एका रात्री थंडी वाजून ताप भरला, पोटाला हात लावू देईनात.

दवाखान्यात दुर्बिणीने ऑपरेशन सुरू झाले. पाऊण तासाने सर्जन बाहेर आले आणि नातेवाइकांना म्हणाले, "पित्ताशय सुजून सगळीकडे चिकटले आहे. दुर्बिणीने पुढे जाणे धोक्याचे आहे. चीर घ्यावी लागेल." चीर घेतली, ऑपरेशन पार पडले, रुग्ण आठ दिवसांनी घरी आला. पण घरच्यांनी गावभर सांगितले, "दुर्बिणीचं म्हणून नेलं आणि पोट फाडलं. डॉक्टरला येत नव्हतं."

त्या डॉक्टरचे चुकले की बरोबर होते? याचे उत्तर लेखाच्या अखेरीस आपण स्वतःच द्यावे.

दुर्बीण म्हणजे नेमके काय?

आटलेल्या बोअरमध्ये कॅमेरा सोडून आतले झरे पाहतात, हे आपल्यापैकी अनेकांनी पाहिले आहे. पोटाच्या दुर्बिणीचे तत्त्व तसेच. साधारण १० मिलिमीटर जाडीची लांब नळी असते. तिच्यात भिंगे, सोबत लख्ख प्रकाश आणि टोकाला जोडलेला कॅमेरा. आतले चित्र समोरच्या पडद्यावर मोठे होऊन दिसते. डोळ्याने पोटात वाकून पाहावे त्यापेक्षा कितीतरी स्पष्ट दिसते. 'भोकातून काय दिसणार' या शंकेचे उत्तर हे.

पण पोटात मोकळी जागा नसते. आतडी एकमेकांना आणि पोटाच्या भिंतीला लागून असतात. म्हणून पूर्ण भूल देऊन पोटात कार्बन डायऑक्साइड वायू भरतात. त्याने पोटाची भिंत तंबूसारखी वर उचलली जाते आणि आत काम करायला जागा होते. दाब फार नसतो. ब्लड प्रेशरच्या यंत्राचा पारा १२ ते १५ मिलिमीटर चढेल एवढाच. हाच वायू का, तर तो पेट घेत नाही, त्यामुळे आत विजेच्या चटक्याने रक्त थांबवता येते. आणि तो रक्तात विरघळून श्वासावाटे बाहेर पडतो.

पित्ताशयाच्या ऑपरेशनात साधारणपणे चार भोके असतात. एक बेंबीपाशी, एक छातीच्या हाडाखाली मध्यावर आणि दोन उजव्या बरगडीखाली. सर्वांत मोठे भोक बोटाच्या पेराएवढेही नसते. पूर्वी याच कामाला बरगडीखाली वीतभर चीर लागे, आणि पोटाचे स्नायू कापावे लागत. रुग्णाला दुखायचे ते मुख्यतः या कापलेल्या स्नायूंमुळे. दुर्बिणीने वाचते ती ही चीर. आत पित्ताशयाची नळी बंद करणे, रक्तवाहिनी बंद करणे, पित्ताशय यकृतापासून सोडवणे, ही कामे जशीच्या तशी करावीच लागतात. म्हणून मथळ्यात म्हटले आहे, भोक लहान, काम तेवढेच.

'दुर्बिणीचे ऑपरेशन' हा शब्द आपल्याकडे कसा रुजला?

आपल्या खेडेगावांत पुष्कळ वर्षे 'दुर्बिणीचे ऑपरेशन' म्हणजे बायकांचे कुटुंबनियोजनाचे ऑपरेशन, एवढाच अर्थ होता. शिबिरात सकाळी गेलेली बाई संध्याकाळी घरी येई. त्या ऑपरेशनात गर्भनलिकेवर लहानशी रिंग बसवायची असते. काही काढायचे नसते, शिवायचे नसते. त्यावरून दुर्बीण म्हटली की किरकोळ काम, असा समज पक्का झाला. पण पित्ताशय, अपेंडिक्स, हर्निया, आतडे यांची ऑपरेशने ही शिबिरातल्या ऑपरेशनाहून वेगळी. यंत्र तेच, काम वेगळे. एकाच ट्रॅक्टरने पाण्याचा टँकरही ओढतात आणि नांगरटही करतात, म्हणून दोन्ही कामे सारखी होत नाहीत.

ही विद्या आली कोठून?

जर्मनीत गेऑर्ग केलिंग यांनी १९०१ साली कुत्र्याच्या पोटात हवा भरून नळीतून आत पाहून दाखविले. १९१० साली स्वीडनच्या याकोबेयस यांनी माणसांवरील अनुभव प्रसिद्ध केला. पुढे सत्तर वर्षे हे मुख्यतः पाहण्याचे साधन राहिले, आणि ते जास्त वापरले ते स्त्रीरोगतज्ज्ञांनी. जर्मनीतील कील येथील स्त्रीरोगतज्ज्ञ कुर्ट झेम यांनी १९८० साली दुर्बिणीने अपेंडिक्स काढले, तेव्हा त्यांच्याच देशातील सर्जनांनी त्यांच्यावर टीकेची झोड उठविली. १२ सप्टेंबर १९८५ रोजी जर्मनीतीलच ब्योब्लिंगेन येथे एरिश म्यूहे यांनी अशा मार्गाने पहिले पित्ताशय काढले. पुढच्या वर्षी सर्जनांच्या सभेत त्यांनी ते सांगितले, तर कोणी मनावर घेतले नाही. १९८७ साली फ्रान्समधील लियाँ येथे फिलिप मुरे यांनी दुर्बिणीला कॅमेरा जोडून हे ऑपरेशन केले, आणि मग चार-पाच वर्षांत ही पद्धत जगभर गेली. कॅमेऱ्यामुळे फरक असा पडला की, आधी एकाच डोळ्याला दिसणारे चित्र पडद्यावर आले आणि मदतनीसालाही हात चालवता येऊ लागला.

या विद्येत महाराष्ट्र मागे राहिला नाही. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहमतन उदवाडिया यांनी १९७२ पासून पोटाच्या रोगांचे निदान करण्यासाठी दुर्बीण वापरण्यास सुरुवात केली. त्या काळी सोनोग्राफी सहज मिळत नव्हती. पोटात पाणी झाले, क्षयाची शंका आली, तर पुष्कळदा पोट उघडूनच पाहावे लागे. दुर्बिणीने तेच काम एका भोकातून होऊ लागले. १९९० साली भारतातले दुर्बिणीने पित्ताशय काढण्याचे पहिले ऑपरेशन डॉ. उदवाडिया यांनीच केले. सरकारी रुग्णालयातल्या गरीब रुग्णाला याचा फायदा अधिक, कारण त्याची मजुरी लवकर सुरू होते, असा त्यांचा विचार होता. त्यांना २००६ साली पद्मश्री आणि २०१७ साली पद्मभूषण मिळाले. जानेवारी २०२३ मध्ये त्यांचे निधन झाले.

सर्जनच्या हाताची परीक्षा

दुर्बिणीने ऑपरेशन करणारा सर्जन हा मुळात जनरल सर्जन असतो. एम.बी.बी.एस. झाल्यावर एम.एस. किंवा त्या तोडीची पदवी, आणि त्यापुढे दुर्बिणीच्या कामाचे वेगळे शिक्षण. हे वेगळे शिक्षण का लागते ते समजून घेण्यासारखे आहे.

पहार आठवा. टेकू देऊन पहारीचा दांडा खाली दाबला की टोक वर येते. पोटाच्या भोकातून घातलेल्या लांब हत्याराचे तसेच होते. मूठ उजवीकडे नेली की टोक डावीकडे जाते. शिवाय पडद्यावरचे चित्र बहुधा सपाट असते, खोली कळत नाही. आणि बोटांना थेट स्पर्श होत नाही. उघड्या ऑपरेशनात सर्जन बोटाने चाचपून ओळखतो की ही गाठ कठीण की मऊ. इथे ते सगळे डोळ्याने ओळखायचे. म्हणून शिकणारे डॉक्टर बंद पेटीत हत्यारे घालून, पडद्यावर पाहत, दाणे एका भांड्यातून दुसऱ्यात टाकण्यासारखी कामे तासन्‌तास करतात, दोऱ्याला गाठी मारतात. माणसाच्या पोटाकडे नंतर वळतात.

खरी परीक्षा मात्र हाताची नाही, विवेकाची आहे. पित्ताशयाचेच उदाहरण घेऊ. पित्त तयार करते यकृत. ते मुख्य नळीतून आतड्यात जाते. पित्ताशय हे त्या वाटेवरचे शेततळे, पित्त साठवून ठेवणारे. मुख्य कालव्यातून शेततळ्याला एक चारी जावी तशी एक लहान नळी मुख्य नळीतून पित्ताशयाकडे जाते. ऑपरेशनात ही चारी बंद करून तोडायची असते. सूज नसेल तर ती ओळखणे सोपे. सुजून सगळे चिकटले असेल, तर चारी कोणती आणि कालवा कोणता हे कळेनासे होते. चारी समजून मुख्य कालवाच तोडला, तर यकृताचे पित्त अडते, कावीळ होते, पुढे मोठमोठी ऑपरेशने करावी लागतात. हा प्रकार विरळा आहे, पण दुर्बिणीच्या सुरुवातीच्या वर्षांत तो वाढला होता. म्हणून १९९५ साली अमेरिकेतील स्ट्रासबर्ग या सर्जनांनी एक नियम घालून दिला. पित्ताशयाचा खालचा भाग यकृतापासून सुटा करून घ्यावा आणि पित्ताशयात जाणाऱ्या दोनच गोष्टी, एक नळी आणि एक रक्तवाहिनी, स्वच्छ दिसल्याशिवाय काहीही कापू नये. जाणता सर्जन हा नियम पाळतो, मग ऑपरेशनाला अर्धा तास जास्त लागला तरी चालेल.

खड्यांविषयीचे गैरसमज

आपल्याकडे मूत्रखडा आणि पित्ताचा खडा यांची सरमिसळ होते. मूत्रखडा लहान असेल तर भरपूर पाण्याने लघवीवाटे पडतो. त्यावेळी जो उपाय चालू असेल त्याला यश मिळते. पित्ताशयाचा खडा लघवीच्या वाटेवर नसतोच. त्याला कुळथाचे कढण देणे म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

'पित्त झाले' आणि 'पित्ताशयात खडे झाले' याही दोन वेगळ्या गोष्टी. आम्लपित्ताच्या गोळ्यांनी खडे जात नाहीत. दुर्बिणीने नुसते खडे काढून पित्ताशय का ठेवत नाहीत, असेही विचारतात. कारण खडे बनतात पित्ताशयात, ते ठेवले तर पुन्हा बनतात. पित्ताशय काढल्यावर पचन बंद पडत नाही. शेततळे बुजवले तरी कालव्याचे पाणी वाहतेच. काहींना थोडे दिवस पातळ शौचास होते, इतकेच.

आणि हेही लक्षात ठेवावे की, दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या सोनोग्राफीत खडे दिसले, पण कधी दुखले नाही, तर बहुतेकांना ऑपरेशनाची घाई नसते. दुखू लागले की मात्र वाट पाहू नये. ताप, थंडी, डोळे पिवळे होणे ही लक्षणे दिसली तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. छातीच्या खड्ड्यात दुखत असेल तर आधी ई.सी.जी. काढावा. हृदयाचे दुखणे 'पित्त' समजून घरी बसलेली माणसे आपण पाहिली आहेत.

हर्निया आणि अपेंडिक्स

मोळ्या, खताची पोती, पाण्याचे पाइप उचलणाऱ्या माणसाला हर्नियाचे, म्हणजे अंतर्गळाचे दुखणे ओळखीचे. जांघेत फुगवटा येतो, आडवे झाले की आत जातो. पट्टा बांधून तो बरा होत नाही. भिंतीला पडलेली फट जाळी लावून बुजवावी लागते. हे काम दुर्बिणीने होते आणि लहान चीर घेऊनही होते. एकाच बाजूचा, पहिल्यांदा झालेला हर्निया असेल तर चीर घेऊन केलेले ऑपरेशनही चांगले, आणि ते जागेपुरती भूल देऊनही करता येते. दोन्ही बाजूंचा किंवा एकदा ऑपरेशन होऊन पुन्हा उलटलेला असेल, तर दुर्बिणीचा फायदा जास्त. फुगवटा एकाएकी कडक झाला, आत जाईना, उलट्या सुरू झाल्या, तर आतडे अडकले असे समजून रात्र असली तरी निघावे.

अपेंडिक्स दोन्ही पद्धतींनी काढतात. जाड माणसात, आणि स्त्रियांमध्ये दुखणे अपेंडिक्सचे की बीजकोशाचे हे स्पष्ट होत नसेल तेव्हा, दुर्बिणीने आत सगळीकडे पाहता येते, हा तिचा मोठा गुण.

ऑपरेशन नको म्हणणारा सर्जन

ऑपरेशन सोपे वाटू लागले की ते उगाच होण्याचा धोका वाढतो. २०१९ साली बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या ऑपरेशनांचा प्रश्न राज्यभर गाजला. शासनाने नेमलेल्या समितीच्या पाहणीत ८२ हजारांवर महिलांची नोंद झाली, त्यांपैकी १३ हजार ८०० हून अधिक महिलांचे गर्भाशय काढलेले होते. ही ऑपरेशने दुर्बिणीची होती की चिरेची हा मुद्दा नाही. ज्यांच्या कोयत्यावर आपला ऊस गव्हाणीत पडतो, त्या बायाबापड्यांना 'गरज आहे का' हे विचारायलाही कोणी नव्हते, हा मुद्दा आहे. पाळी चुकवायची, खाडा पडू द्यायचा नाही, दंड भरायचा नाही, या धास्तीपोटी पोटातला अवयव जात असेल, तर त्यात मुकादमापासून कारखान्यापर्यंत सर्वांनी विचार करण्यासारखे आहे. आपल्या फडात आलेल्या बाईला कोणी ऑपरेशन सांगितले, तर तिला दुसऱ्या डॉक्टरकडे किंवा सरकारी रुग्णालयात दाखवण्याची सोय करून देणे, एवढे तरी आपल्या हातात आहे.

चांगला सर्जन तो, ज्याला कधी ऑपरेशन करू नये हे कळते.

सही करण्यापूर्वी

संमतीच्या कागदावर आपण न वाचता अंगठा किंवा सही करतो. सोसायटीच्या कर्जाच्या कागदाला लावतो तेवढा तरी वेळ इथे लावावा. सर्जनला पुढील गोष्टी मोकळेपणी विचाराव्यात :

१. हे ऑपरेशन करायलाच हवे का? नाही केले तर काय होईल?
२. माझ्या बाबतीत दुर्बीण बरी की चीर बरी, आणि का?
३. अशी ऑपरेशने आपण नेहमी करता का?
४. चीर घ्यावी लागली तर खर्च किती वाढेल, मुक्काम किती वाढेल?
५. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत हे ऑपरेशन बसते का? योजनेतील रुग्णालयात आरोग्यमित्र असतो, त्याच्याकडे शिधापत्रिका व आधार कार्ड घेऊन आधीच चौकशी करावी.

मधुमेह, रक्तदाब, दमा, तंबाखू, पूर्वीची ऑपरेशने, चालू असलेल्या गोळ्या, विशेषतः रक्त पातळ करण्याच्या, यांपैकी काहीही लपवू नये. भूल देणाऱ्या डॉक्टरला हे माहीत नसेल तर धोका आपल्यालाच.

ऑपरेशननंतर

त्याच संध्याकाळी किंवा दुसऱ्या सकाळी उठून चालावे. एक-दोन दिवस खांदा दुखतो, त्याने घाबरू नये. वायूमुळे छातीखालचा पडदा ताणला जातो, त्याची कळ खांद्यात जाणवते. बहुतेक जण एक-दोन दिवसांत घरी जातात, आठवड्याभरात हलकी कामे करू लागतात. पण बाहेरची भोके भरली म्हणजे आतले सगळे भरले असे नव्हे. मोळी उचलणे, पोते पाठीवर घेणे, पंप ओढणे ही कामे सर्जन परवानगी देईपर्यंत करू नयेत. हर्नियाला तर महिना-दीड महिना धरूनच चालावे. ताप, वाढत जाणारी पोटदुखी, सतत उलट्या, डोळ्यांत पिवळेपणा, भोकातून पिवळे-हिरवे पाणी, यांपैकी काहीही दिसले तर गावात इंजेक्शन घेत बसू नये. ज्यांनी ऑपरेशन केले त्यांच्याकडे परत जावे.

आता त्या सभासदाविषयी

सुरुवातीच्या हकीगतीकडे वळू. पित्ताशय पूने भरले होते, चारी आणि कालवा ओळखू येत नव्हते. दुर्बिणीचा हट्ट धरून सर्जनने पुढे रेटले असते, तर कदाचित बाहेर चार लहान भोकेच दिसली असती आणि आत मुख्य नळी तुटलेली असती. त्यांनी हात थांबविला, चीर घेतली, नळी नीट ओळखली आणि माणूस वाचविला. दुर्बीण सोडून चीर घेणे म्हणजे हार नव्हे. ओढ्याला पूर आला असता गाडी परत फिरवणाऱ्या ड्रायव्हरला आपण नवशिका म्हणत नाही, शहाणा म्हणतो.

चुकले असेल तर ते आधीच्या दोन हंगामांत. पहिल्यांदा सर्जनने सांगितले तेव्हा पित्ताशय सुजलेले नव्हते. तेव्हा काम भोकातून झाले असते आणि गडी पंधरा दिवसांत बांधावर उभा राहिला असता. ते सभासद आज पूर्ण बरे आहेत, गेल्या हंगामात ऊस त्यांनी स्वतः उभे राहून तोडून घेतला. कोणाला खडे निघाले की शर्ट वर करून वीतभर वण दाखवतात आणि म्हणतात, "हा डॉक्टरचा नव्हं, माझ्या वाट बघण्याचा वण आहे."

गाळप हंगाम संपला की कारखाना ओव्हरहॉलिंगला घेतो. मिल चालू असताना मोडून पडण्यापेक्षा बंद काळात दुरुस्त केलेली बरी, हे आपल्याला कारखान्याच्या बाबतीत कळते. तेच स्वतःच्या देहाला लावावे. ज्यांना ऑपरेशन सांगितले आहे आणि जे 'पुढच्या हंगामानंतर बघू' म्हणत आहेत, त्यांनी या लेखाचा विचार करून आपल्या सर्जनकडे तारीख पक्की करावी, ही विनंती.